एक दाणा तिरकं

दोंडाईचा, पोळ्याचा दुसरा दिवस, १९६८

लीलाधरा,

आधी तुझी परीक्षा घेते. दोंडाईच्याला गाडीतून उतरलं की आपलं घर डाव्या हाताला येतं का उजव्या? त्या घरात आजी नावाची एक म्हातारी होती, तिला दात किती होते? आणि तुझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं नाव काय? पहिली दोन उत्तरं चुकलास तर माफ आहे. तिसरं मीच सांगून ठेवते, कारण बंगळूरला गेल्यापासून तुझ्या एकाही कार्डात ते आलेलं नाही. तोताराम. तो अजून जिवंत आहे, आणि मी हे पत्र त्याला तसाच ठेवण्यासाठी लिहविते आहे.

अक्षर तुझ्या वहिनीचं, कुंदाचं. मी सांगते अहिराणीत, ती उतरवते शाळेतल्या मराठीत. म्हणजे मी तुला दिलेल्या शिव्या वाटेत धुऊन निघणार. तू त्या आपल्या मनाने परत मळव आणि मग वाच.

खबर अशी की तुम्ही दोघांनी गोठ्यात मांडलेलं ते विमान पुरं झालं. तू अर्ध्यावर सोडून नोकरीला गेलास, त्याने पुरं केलं. दिवसा लोकांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी हे. काल पोळ्याला बैलांना झुली घातल्या तर ह्याने विमानाच्या शेपटालाही गोंडा बांधला. उजवीकडचा बैल ते बघून असा बिथरला की पुरणपोळी तोंडाशी धरली तरी फिरून उभा. तुझा बाप निंबा म्हणतो, "माझा गोठा मोकळा झाला म्हणजे झालं. उडून होवो नाहीतर मोडून." निंबा केळीच्या घडाशी जितकं बोलतो तितकंही पोरांशी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आता अडचण ऐक. स्टेशनच्या पलीकडे मुरमाड माळ आहे, तिथे तोताराम ते पळवतो. पळतं छान. गुरं पांगतात, पोरं टाळ्या वाजवतात, धूळ माझ्या वाळवणावर येते. पण उठत नाही. इंजिन ओरडतं नुसतं, पुढे ओढ नाही. तो म्हणतो, पीच चुकतोय. पीच म्हणजे पुढच्या पंख्याच्या पात्याचा तिरकसपणा, एवढं मलाही कळलं. सूप पाखडताना जास्त सपाट धरलं तर वारा येत नाही आणि जास्त उभं धरलं तर हात भरून येतो, तसंच हे. दोन्ही पाती मधल्या लोखंडी हबमध्ये बोल्टांनी आवळलेली. बोल्ट सैल करायचे, पातं जरासं फिरवायचं, परत आवळायचं. दोन्ही अगदी सारखी हवीत, नाहीतर सगळं विमान थरथरून सुटं होईल.

किती फिरवायचं ते मोजायला एक यंत्र लागतं. लाकडी डबीतलं, काचेच्या नळीत बुडबुडा असलेलं कोनमापक. ते कुठे आहे, तुला आठवतं का? मला आठवतं. "हे माझ्या पैशाचं आहे," म्हणून जाताना तू ते पेटीत टाकलंस, आणि तोतारामने, "ने, आणि पुन्हा माझ्या विमानाला हात लावू नकोस," म्हणून पाठ फिरवली. एवढ्याशा बुडबुड्यावरून दोन भाऊ मुके झाले.

आता तो अंदाजाने पाती लावतो. मी त्याला म्हटलं, "लीलाधरला विचार." तो म्हणाला, "आजी, विमान नाही उडालं तरी चालेल."

म्हणून मीच विचारते. ये.

तुझी आजी

(भाऊजी, हे सारखे उडायचंच म्हणतात. मला झोप नाही. — कुंदा)


गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

लीलाधरा,

तुझं पत्र आलं. चार पानं! कुंदाने वाचून दाखवलं. त्यात पात्याचा कोन होता, हवेचा दाब होता, इंजिनाचे फेरे होते. फक्त तू कधी येणार ते नव्हतं. शेवटच्या ओळीत तरी असेल म्हणून मी टक लावून ऐकलं, तर तिथे "कळावे" होतं. काय कळावे?

इकडे गोष्ट बिघडत चालली आहे. तोताराम दर रविवारी पाती ज्वारीच्या एका दाण्याइतकी तिरकी करतो. तिरकी केली की ओढ वाढायला हवी, असं तू लिहिलंस, तोही तेच म्हणतो. पण विमान मागच्या रविवारी होतं तिथेच. आता त्याला वाटतंय की हब झिजलाय, आवळलेली पाती आपोआप मागे सरकतात. म्हणून बोल्ट असे काही आवळतो की मानेच्या शिरा फुगतात.

आणि दसऱ्याचा मुहूर्त धरलाय त्याने. मामलेदारांचा माणूस विचारायला आला होता, परवाना कुठे म्हणून. तोताराम म्हणाला, "साहेब, मी उडत नाही, पळतो. पळायला परवाना लागतो का?" तो बिचारा चहा पिऊन गेला.

गावात तोतारामला आता पायलट म्हणतात. माळाशेजारचं शेत ज्याचं तो भिकन म्हणाला, "पायलटभाऊ, उडनं तर माझ्या भुईमुगात नको उतरू." तोताराम हसला, पण रात्री जेवला नाही.

तू ये, एवढंच.

तुझी आजी

(भाऊजी, पाती खरंच सरकत असतील तर काय होईल? मला खरं लिहा, पण वेगळ्या कागदावर. — कुंदा)


पितृपक्षातली पंचमी

लीलाधरा,

आज अक्षर वेगळं दिसेल. चौथीच्या सुमनबाई लिहीत आहेत. कुंदाला मुद्दाम वाण्याकडे पाठवलंय आणि येताना ताईबाईची तब्येत विचारून ये म्हटलंय. ताईबाई तब्येत सांगायला लागल्या की दिवेलागण होते.

कुंदाला तू लिहिलेला वेगळा कागद तिने मला वाचून दाखवला. पाती हबमध्ये सरकत असतील तर कुणीही त्यात बसू नये, पातं निसटलं तर माणूस जाईल, असं तू लिहिलंस. कुंदा तीन दिवस चुलीशी बसून रडते आहे. तेव्हा आता मला सांगावंच लागेल.

हब झिजलेला नाही. पाती सरकत नाहीत. मी सरकवते.

(मी आजींना विचारलं की हे लिहू का. त्या म्हणाल्या, ठळक लिहा. — सुमनबाई)

दचकू नकोस, नीट ऐक. दर रविवारी मी विमानाला हळदकुंकू लावते. तोतारामला वाटतं म्हातारी देवभोळी आहे. मी एक ठिपका हबवर लावते आणि त्याच्यासमोर एक पात्याच्या बुंध्यावर. दोन्ही पात्यांना. तो पाती तिरकी करायच्या आधी लावते. त्याने तिरकी केली की पात्यावरचा ठिपका एक दाणा पुढे गेलेला दिसतो. मग तो दुकानावर गेला की मी बोल्ट सैल करते, ठिपक्यासमोर ठिपका आणते, आवळते आणि बोल्ट सुटू नयेत म्हणून बांधलेली तार परत पिळून ठेवते. दोन्ही पाती सारखी. ह्या हाताने जात्याचे खुंटे ठोकले आहेत, बोल्ट काय मोठी गोष्ट! आता तो फार आवळायला लागलाय, म्हणून पान्ह्याला मुसळ लावावं लागतं, एवढंच.

तू म्हणशील, आजी, हा काय पोरखेळ! तोतारामने आपल्या अंदाजाने कोन लावून आभाळात जायचं, तिथून खाली येईपर्यंत मी देवाचं नाव घेत बसायचं, त्यापेक्षा हा बरा. त्याला नको म्हटलं तर तो हट्टाला पेटतो. तुला ये म्हटलं तर तू चार पानं पाठवतोस. मग मी काय करू? जमिनीवर आहे तोवर तो माझा आहे. तू येऊन मापून दे, मग दोघं मिळून चंद्रावर जा, मी हात हलवीन.

तोवर ते उठणार नाही. तू त्याची काळजी करू नकोस, माझ्या मनगटाची कर.

सुमनबाई म्हणतात, ह्याला कट म्हणतात. मी म्हटलं, बाई, तुम्ही शुद्धलेखन बघा.

आजी


पितृपक्ष

लीलाधरा,

(आजींचं पहिलं वाक्य लिहिण्याजोगं नाही. — सुमनबाई)

पार्सल मिळालं. पोस्टमन गिरधर माझ्या हातात देऊन गेला, बरं झालं. उघडलं तर लाकडी डबी, डबीत कोनमापक, नळीत तो बुडबुडा, आणि चिठ्ठी: "दादाला दे, मी दिलं असं सांगू नकोस."

मी यंत्र मागितलं होतं का? आधीच्या पत्रांच्या नकला कुणी ठेवल्या असत्या तर मी तुला दाखवलं असतं. मी "ये" म्हटलं होतं. ये. एकच अक्षर आहे म्हणे ते. तुला बंगळूरच्या विमानाच्या कारखान्यात मोठमोठे आकडे वाचता येतात, हे एक अक्षर लागत नाही?

मी ते तोतारामला दिलेलं नाही. दिलं तर काय होईल? तो मापेल, लावेल, उडेल. तू तिकडे, तो वर, आणि मी मधे. पुन्हा दोघांना बोलायचं कारणच उरणार नाही. म्हणून ते मी तुरीच्या डाळीच्या मडक्यात पुरून ठेवलंय. वर डाळ, खाली डाळ, मधे तुमचा बुडबुडा. सुखात आहे.

तोताराम हल्ली बोलत नाही. काल विमानापाशी उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "काय रे?" तर म्हणाला, "आजी, लीलाने नुसतं बघितलं असतं तरी सांगितलं असतं काय चुकतंय." लीला म्हणाला बरं का. लीलाधर नाही. लहानपणी हाक मारायचा तसं.

हे मी तुला वाटेल तेव्हा वाचायला लिहवून ठेवते. दसऱ्याला आता फार दिवस नाहीत.

आजी


दोंडाईचा, दसऱ्याचा दुसरा दिवस

लीलाधरा,

बस खाली. पाणी पी. सगळे जिवंत आहेत. आता वाच.

अक्षर पुन्हा कुंदाचं आहे.

खंडेनवमीला आपल्याकडे सगळी हत्यारं धुऊन देवापुढे मांडतात, विसरला नसशील. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, तोतारामचे पान्हे. आणि एकदा पूजेला बसली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. यंदा तोताराम म्हणाला, पंखाही पूजेत बसेल. शेवटचा एक दाणा तिरका करून, बोल्ट आवळून, त्याने तो अख्खा पंखा विमानावरून उतरवला आणि देवघरात पाटावर आडवा ठेवला. मी कुंकवाचे ठिपके आधीच लावून ठेवले होते. मला वाटलं, देवच आपल्या बाजूने आहे. कारण त्याला आता दसऱ्यापर्यंत हात लावता येणार नाही, आणि दिव्यात तेल घालायला तिथे जाणार मी.

म्हणजे मी एकटी, असं मला वाटलं.

दुपारी सगळे पांगल्यावर मी माझं काम केलं. देवीला म्हटलं, डोळे मीट. एक दाणा मागे.

आता पुढचं कुंदाच्या तोंडून ऐक. कुंदा, लिही. लाजू नकोस, आता काय लाजायचं!

(भाऊजी, मी संध्याकाळी निरांजन लावायला गेले. मला आजींचं काहीच ठाऊक नव्हतं. हे मला नेहमी सांगायचे की पाती फार तिरकी झाली तर इंजिन दमतं आणि विमान उठतच नाही. मला तेवढंच हवं होतं. पान्हे तिथे पाटावरच होते. कुंकवाचे ठिपके समोरासमोर होते, मला वाटलं देवीनेच खूण दिली. तिथून दोन दाणे तिरकी केली. दोन्ही पाती. तार होती तशी पिळली. — कुंदा)

समजलं? त्याने एक दाणा पुढे, मी एक दाणा मागे, हिने दोन दाणे पुढे. तिघांनी आपापल्या परीने त्या पंख्याचं कल्याण केलं, आणि तिघांपैकी दोघींना ते उठायला नको होतं.

दसऱ्याला पूजा झाली. पंखा परत विमानाला बसला. हबच्या बोल्टांकडे तोतारामने बघितलंसुद्धा नाही, पूजेतून उठलेली वस्तू! माळावर अख्खं दोंडाईचा गाव. शिंदखेड्याहून लोक आलेले. मी आरतीचं ताट घेऊन पुढे उभी. निर्धास्त. मला ठाऊक होतं ना, हे उठत नाही. मनात म्हटलं, पोरगा पळेल, दमेल, घरी येईल, आपट्याची पानं वाटू.

तोताराम बसला. पंखा फिरला. आवाज आजवरचा नव्हता. आजवर किंचाळायचं, आज घुमलं. पळायला लागलं. धूळ उडाली. आणि मग, लीलाधरा, चाकाखालून उजेड दिसला.

"उडनं रे, उडनं! बठ्ठा वर देखा!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा माळ वर बघून उडालं, उडालं म्हणून ओरडायला लागला.

मी कुंदाकडे बघितलं. कुंदाने माझ्याकडे बघितलं. आणि दोघींच्या तोंडून एकाच वेळी निघालं, "असं कसं?"

तेवढ्यावर मला तिचं कळलं आणि तिला माझं. पण तेव्हा भांडायला वेळ कुठे होता! माझ्या हातातलं ताट कललं, निरांजन विझलं. मी वर बघून ओरडले, "खाली ये! तोता, खाली ये!" जसा काही तो पेरूच्या झाडावर चढला होता. खोटं कशाला सांगू, मला एवढंच दिसत होतं की त्या पंख्याला आम्ही दोघींनी हात लावलाय, आणि माझं पोर त्याला लोंबकळून आभाळात आहे.

आणि तुझा बाप! ज्याला गोठा मोकळा हवा होता, तो धोतराचा काष्टा धरून विमानाच्या खालून पळत होता आणि ओरडत होता, "तोताराम, कडुलिंब! कडुलिंब बघ! पाय वर घे!" त्याने पाय वर घेऊन काय होणार होतं ते तुम्ही इंजिनवाल्यांनी सांगावं. पण कडुलिंब चुकला. रेल्वेचे रूळ ओलांडले. सिग्नलवाला आत पळाला. मग ते हळूच वळलं, पुन्हा रूळ ओलांडून माळाकडे आलं आणि उतरलं, कुठे? भिकनच्या भुईमुगात.

भिकन काठी घेऊन धावला. पोचला तर तोताराम खाली उतरून चाकाला टेकून बसलेला, तोंडभर हसू, गालावर पाणी. भिकनने काठी टाकली. आज सकाळपासून तो गावाला सांगतोय की चाकांनी अर्ध्या शेंगा उपटून दिल्या, मजूर लावायला नको.

घरी आल्यावर कुंदा त्याच्या पायाशी बसली आणि घडाघडा सांगून टाकलं. मग मला काय, मीही सांगितलं. रविवारचं, मुसळाचं, सगळं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला नाही. त्याने आळीपाळीने आमच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे मी उडालो तो नेमका कोन कोणता?"

मी बोटांवर मोजलं. मी म्हटलं, "दोन दाणे."

"कुठून दोन दाणे, आजी?"

मी म्हटलं, "कुंकवापासून."

तेव्हा तो हसला, लीलाधरा. तू गेल्यापासून असा हसला नव्हता. पोट धरून. मग एकदम थांबला. म्हणाला, "आता ह्या पात्यांना कुणी हात लावायचा नाही. आजी, तू सुद्धा. कुंदा, तू सुद्धा. मी सुद्धा नाही. हा कोन एकदाच सापडलाय, हरवला तर परत मिळायचा नाही. मोजल्याशिवाय मी त्यात बसणार नाही."

"मग मोज की," मी म्हटलं.

"कशाने? कोनमापक त्याच्याकडे आहे."

"मग माग."

तो उठून गोठ्यात गेला. परत आला. परत गेला. कुंदा कागद घेऊन बसलीच होती. शेवटी दारात उभा राहून, माझ्याकडे न बघता, बैलाकडे बघत म्हणाला, "लिही त्याला." आणि हे सांगितलं. मी एक अक्षर बदललं नाही:

"लीला, पाती हलवलेली नाहीत. येऊन माप. — तोताराम."

आता घाबरू नकोस, यंत्र तुझ्याकडे नाही हे मला ठाऊक आहे. ते अजून डाळीतच आहे. काल रात्री कुंदाने वरणाला डाळ काढली तर पळीला लागलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि तिने ते परत खाली दाबलं. आता ती माझ्या बाजूची आहे. तोतारामला यातलं काही कळता कामा नये. तो समजतो यंत्र बंगळूरला आहे आणि तू घेऊन येणार आहेस. त्याचा तेवढा समज मोडू नकोस. भावाने भावाकडे मागितलं, भावाने आणून दिलं, एवढंच घडायला हवं. बाकीचं डाळ बघून घेईल.

तेव्हा असं कर. म्हैसूरपाक पाठव. मोठ्या डब्यात, त्या लाकडी डबीपेक्षा मोठा डबा हवा. तूप सढळ, आणि मऊ, कारण माझे दात दोन आहेत. पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर ते, लिहून ठेव. वरचा थर रिकामा सोड, तिथे काय ठेवायचं ते मी आणि कुंदा बघू. पोस्टाने पाठवू नकोस, गिरधर वाटेत वास घेत बसतो. रेल्वेच्या पार्सलनेही नको, तूप वितळतं. माणसाच्या हाती पाठव. आणि माणूस दुसरा कुणी धरू नकोस, तूच तो घेऊन ये.